चढावरचा हात

करिष्माला गाड्यांची भयंकर भीती, आणि नशिबाने तिच्या पदरात टाकलं ते काम गाडीचंच. दगडधोंड्यांतून चालणारी एक नवी दणकट गाडी बाजारात यायची होती आणि तिची वेबसाइट करिष्मा बनवत होती. लोकांनी फोनवर बोट सरकवत गाडी चढावर न्यायची आणि माथ्यावर पोचेपर्यंत ती विकत घ्यावीशी वाटायला हवी, असा कंपनीचा बेत. पुण्याच्या कंपनीचं हे काम ती छत्तीसगडात, भिलाई-३ मधल्या घरात, आईच्या शिलाई मशीनला खेटून बसून करायची.

भीती मात्र घरचीच होती. वडील चंपत रेल्वे यार्डात शंटिंगला होते. रुळांशेजारी उभं राहून त्यांनी हात दाखवायचा आणि त्या इशाऱ्यावर इंजिनाने डबे ढकलत आणायचे. लहानपणी करिष्माने ते एकदा पाहिलं आणि तेव्हापासून बाबा घरी आल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरेना. चंपत हसायचे. "मले नाही लागत भेव. कावून लागन?" असं म्हणून जेवायला बसायचे.

पुण्याच्या कंपनीतल्या सुजयसरांनी तिचं काम पाहून नाक मुरडलं. चढ देखणा आहे, पण पोटात गोळा येत नाही, म्हणाले. एकदा गाडीत बसून बघ, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. तिच्या एकटीच्या भरवशावर आलेलं हे पहिलंच काम. ती गेली.

दुर्ग शहरापलीकडच्या बंद मुरूम खाणीत ओमप्रकाश नावाच्या ड्रायव्हरने गाडी चढाला घातली. करिष्माने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा रस्ताच नव्हता. गाडीचं नाक वर आणि काचेत नुसतं आभाळ. तिने वेबसाइटसाठी केलेल्या चित्रात तर रस्ता थेट माथ्यापर्यंत दिसत होता. ओमप्रकाशने शांतपणे सांगितलं की त्यालाही इथून जमीन दिसत नाही. कुणीतरी वर उभं राहून हाताने दाखवावं लागतं. बसण्यापेक्षा उतरलेलं बरं, असा हिशेब करून ती धडपडत माथ्यावर गेली.

हिशेब साफ चुकला. खालून इंजिन गुरगुरलं आणि ते सगळं लोखंड तिच्याच रोखाने वर यायला लागलं. तिला पळायचं होतं, पण गाडीच्या एका बाजूला खोल खड्डा होता आणि ओमप्रकाशला तिच्याशिवाय काही दिसत नव्हतं. तिचा हात वर गेला. थरथरत होता, तरी त्याने वाट दाखवली, मग थांब म्हणून सांगितलं. गाडी थांबली.

गाडीच्या काचेवर लावलेल्या कॅमेऱ्यात हे सगळं आलं होतं. तिने ते तसंच वेबसाइटवर घातलं: रस्ता नाहीसा होतो, आभाळ येतं, आणि आभाळात एक हात. सुजयसर खूश झाले. फक्त तो हात स्थिर कर म्हणाले, थरथरत्या हातावर कोण भरवसा ठेवेल?

संध्याकाळी तिने फोन बाबांपुढे धरला. चंपतनी बोट सरकवलं. हात दिसताच ते थांबले, पुन्हा मागे जाऊन त्यांनी तेवढंच पाहिलं.

"लय हालून राहिला न, बाबा? बदलू?"

"राहू दे," चंपत म्हणाले. "माहा बी असाच हाले. रोज."

करिष्माने हात न बदलता काम पुण्याला पाठवून दिलं. काम राहतं की जातं, या धास्तीने तिला जेवण जाईना. चंपतही जेवले नाहीत, ताट घेऊन तिच्याजवळ बसून राहिले.