सरदाराची बाजू

१५ नोव्हेंबर, शनिवार. कोळंबी सोलायला घेतली होती. आठवडाभर ऑफिस, म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळं सोलून फ्रीझरमध्ये टाकते. मुलगी समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. शाळेच्या वादविवाद संघाची निवड दुसऱ्या दिवशी होती; इथे आखातात रविवारी आठवडा सुरू होतो. गेल्या वर्षी ती थोडक्यात राहिली, पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे हीच शेवटची संधी.

विषय इराणच्या जुन्या सासानी साम्राज्याचा. एका बड्या सरदाराने इतरांना हाताशी धरून सम्राटाला गादीवरून उतरवलं आणि पुढे दरबार मुठीत ठेवला. मग नंतर गादीवर आलेल्या राणीलाच लग्नाची मागणी घातली. तिने त्याला ठार करवलं, त्याच्या मुलाने फौज आणून तिला उतरवलं. या भांडणांत राज्य इतकं खिळखिळं झालं की अरबांची फौज आली तेव्हा टिकलं नाही. हिच्या वाट्याला सरदाराची बाजू आली होती.

"मम्मा, ही इज सो गिल्टी. व्हॉट डू आय इव्हन से?"

मी दमले होते. म्हटलं, "बाय, घर फिरलं की घराचे वासे फिरतात. आधी घर फिरलं, मग सरदार. एवढं सांग."

तिने ते लिहून घेतलं. संध्याकाळी उभी राहून इंग्रजीत भाषण म्हणून दाखवलं. पहिलंच वाक्य: घर बदललं की घरातला वास बदलतो.

"वास नाही गं, वासे. कौलांखाली लाकडं असतात ना, छप्पर धरणारी."

वसईला तिने कौलं पाहिलीत, पण खालून कधी नाही. इथल्या, उम्म सलालच्या आमच्या घराला स्लॅब आहे. तिने जरा विचार केला.

"सो द रूफ इज ऑन देम? देन इफ दे टर्न, दे ड्रॉप द रूफ. मम्मा, युअर प्रॉव्हर्ब इज अगेन्स्ट मी."

इतकी वर्षं ही म्हण वापरते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मग वासच ठेव. खलास."

"बी सीरियस, मम्मा."

मी कुकर लावला. तिने पुन्हा वाचायला घेतलं. युद्धात हरायला लागल्यावर सम्राट आपल्याच सेनापतींवर उलटला होता. शिट्ट्या चालू असतानाच ती आत आली. "व्हॉट इफ द किंग वॉज पुलिंग आउट द वासे हिमसेल्फ? फॉर फायरवुड?"

"हे चालेल. बाकीचं काप."

"ही इज स्टिल गिल्टी, यू नो."

"असू दे. तू वकील आहेस, न्यायाधीश नाहीस."

सकाळी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि शाळेच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसले. सरपणापर्यंत ती नीट गेली. मग समोरच्या मुलाने विचारलं, राणीला मागणी घालायलाही सम्राटानेच सांगितलं होतं का? हॉल हसला, हीसुद्धा हसली आणि जागेवर जाऊन बसली. निकाल तिथेच सांगितला: ही संघात, पण राखीव म्हणून. मी तिला पाण्याची बाटली दिली, वर्गात जा म्हटलं, आणि ऑफिसला गेले.