पावणे तीन

त्या सुताराला सगळे 'सूतभर' म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढाही फरक या माणसाला खपत नसे. त्यानं बसवलेलं दार लोटलं की चौकट त्याला अलगद मिठीत घेई. शाळा चौथीतच सुटलेली, पण आकड्यांना तो कधी भ्याला नाही. लाकूड शिकवत गेलं, हा शिकत गेला.

आणि अशा माणसाची लेक नेमकी गणितात कच्ची निघाली! नऊ वर्षांची पोर, घरभर फिरायची म्हणून नाव पडलं भिंगरी. एके दिवशी तिनं शाळेतून निरोप आणला. शनिवारी बाई अपूर्णांकांची तोंडी परीक्षा घेणार, आणि जमलं नाही तर तिला खालच्या वर्गात बसवणार.

निरोप सांगून ती म्हणाली, "त्यापेक्षा मी शाळाच सोडते. तुम्ही नाही का सोडलीत?"

सूतभरच्या काळजात पटाशी घुसली. शाळा सुटल्याचं दुःख त्यानं इतकी वर्षं रंधा मारून गुळगुळीत केलं होतं. तो एवढंच म्हणाला, "शनिवारपर्यंत माझ्याबरोबर मापं घे. मग बघू."

मग काय, घरच शाळा झालं. पाव बादली झाडांना घातली तर उरलं किती? कलिंगडाच्या आठ फोडींतल्या तीन तू खाल्ल्यास, आईला किती? भिंगरी तोंडावर उत्तर फेकायची. वहीत मात्र लाल फुल्यांचं पीक तसंच.

शुक्रवारी स्वयंपाकघरात फळी बसवायची होती. सूतभर अंगणात करवत घेऊन उभा, बायको आत स्टुलावर चढून भिंतीला टेप लावतेय. भिंगरी मागच्या दारानं शाळेतून आली, तेवढ्यात आई ओरडली, "अहो, पावणे तीन!"

दप्तर टाकून पोर कामाला लागली. आई स्टुलावरून उतरून बघते, तर तीन ताटं, तीन पेले, तीन पाट!

"ही पंगत कुणाची गं?"

"तूच म्हणालीस ना, पावणे तीन!"

"अगं, फळीचं माप ते! तीन पाहुणे आले असते तर मी स्टुलावर चढून बसले असते का?"

आई पोट धरून हसली. भिंगरीनं गाल फुगवले. "सगळे पाहुण्यांना पावणेच म्हणतात. मला काय ठाऊक?"

सूतभर हसत हसत आत आला आणि एकदम थांबला. "बाई 'पावणे तीन' म्हणाल्या की वहीत काय लिहितेस?"

"तीन आणि वर पाऊण."

"वर का?"

"पाहुणा आला की घरात भरच पडते ना, बाबा. तीन घरचे, पाऊण आलेला."

त्यानं वही मागितली. पानामागून पान उलटलं. पावणे पाचला पाच आणि पाऊण, पावणे आठला आठ आणि पाऊण. जिथं चूक तिथं बरोब्बर एकानं जास्त. सूतही इकडेतिकडे नाही.

"टेपेचा पहिला इंच तुटला," तो सावकाश म्हणाला, "की प्रत्येक माप इंचभर जास्त येतं. त्यात हाताचा दोष नसतो. तू कच्ची नाहीस, पोरी. तुझ्या टेपेचं टोक तुटलंय, एवढंच. पावणे म्हणजे पाव उणे. तीन भरायला पाव कमी."

"म्हणजे दोन आणि पाऊण?"

"शाब्बास! आता पाहुण्यांचं म्हणशील, तर तुझा मामा येऊन गेला की आपल्या घरातही उणंच होतं."

"अहो!" आईनं टेप उगारली.

शनिवारी सूतभरचा हात काही चालेना. एक फळी चक्क बोटभर आखूड कापली गेली. आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी भिंगरी धावत आली ती बोलतच.

"दहाच्या दहा! शेवटी बाईंनी विचारलं, पावणे एक म्हणजे किती? मी म्हटलं, एकाला पाव कमी, म्हणजे नुसता पाऊण!"

"मग बाई काय म्हणाल्या?"

"बस जागेवर, म्हणाल्या. याच वर्गात! आणि बाबा, सोमवारी मला नवी वही लागेल. ही भरली."

सूतभरनं करवत खाली ठेवली, अंगावरचा भुसा झटकला आणि सोमवारची वाट न बघता पायांत चपला अडकवल्या.