रेडिओवरचं ‘बस’

चहा पितानाही तो माणूस डावीकडे वाकायचा. कप उजव्या हातात, मान डाव्या खांद्यावर, नजर जमिनीवर. हेलिकॉप्टरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून, खाली दोराला लोंबणाऱ्या लोखंडाकडे बघण्यात त्याची वर्षं गेली होती. शिंप्याची पाठ, सोनाराचा डोळा आपण लगेच ओळखतो. ही मान मी पहिल्यांदाच बघत होतो.

जबलपूरजवळच्या बरगी धरणापलीकडच्या डोंगरावर विजेचा टॉवर उभारायचं काम माझ्याकडे होतं. वर गाडीवाट नाही, झाडं तोडायची परवानगी नाही. म्हणून टॉवरचे भाग खालच्या माळावर जोडायचे, हेलिकॉप्टरने लटकवून वर न्यायचे आणि एकावर एक बसवायचे. जबलपूरच्या चेरीताल भागात जुने नटबोल्ट विकण्यापासून सुरुवात केलेला मी. माझं लोखंड उडताना बघून अंगावर काटा आला.

हेलिकॉप्टर चालवणारा तो माणूस म्हणजे कॅप्टनसाहेब, नागपूरचे. जबलपुरात मराठी ठेकेदार भेटला म्हणून खूश. आम्ही रेडिओवरही मराठीतच बोलायचं ठरवलं. वजनाच्या बाबतीत मात्र माणूस कोरडा. प्रत्येक भाग काट्यावर चढवायचा आणि म्हणायचा, “कमी करा.”

“साहेब, तीस किलोनं काय होते?”

“मग तीस किलो काढायला काय होते, भाऊ?”

जन्मभर ‘कमी करा’ मी समोरच्याला म्हणत आलो. मी वीसवर यायचो, दहावर यायचो. तो तीसचे तीस किलो काढायला लावायचा.

शेवटचा भाग राहिला होता. टॉवरवर आमचा फिटर रघुवीर, जबलपूरच्याच दीक्षितपुऱ्याचा, कमरेला पट्टा बांधून बसलेला. पायथ्याशी रेडिओ घेऊन मी. झाडं झोपवत हेलिकॉप्टर आलं, आणि ते अवजड लोखंड पिसासारखं खाली यायला लागलं.

“खाली, खाली. एक हात. अर्धा हात,” मी सांगत होतो. भोकं जुळतात का बघायला रघुवीरने मधे हात घातला. मी म्हणालो, “बस, बस.”

लोखंड थांबलं नाही. खाली आलं. रघुवीरने हात ओढून घेतला. हातमोजा तेवढा मधेच राहून चेपला.

साहेबांनी तो भाग उचलून परत माळावर ठेवला आणि हेलिकॉप्टर उतरवलं. आम्हीही खाली आलो. माळावर पाय ठेवताच ते माझ्यासमोर उभे.

“तुम्ही बस म्हणाले.”

“बस म्हणजे पुरे. थांबा. आमच्याकडे असंच म्हणतात.”

“मी ऐकलं, खाली बस. बसवून राहिलो होतो.”

“मग माझं काय चुकलं?”

“दोघांचंही बरोबर, भाऊ. हात त्याचा जात होता.”

आणि त्यांनी माझ्या हातातला रेडिओ काढून रघुवीरला दिला. “जिसका हाथ, उसकी आवाज.”

माझं डोकं सणकलं. माझी साइट, माझी माणसं, आणि सगळ्यांसमोर? “काहून? एका शब्दासाठी? चला, अर्धं मी बोलतो, अर्धं तो.”

“हे वजन नाही भाऊ, अर्धं करायला. त्याला विचारा.”

रघुवीर आपली बोटं उघडून-मिटून बघत होता. “भैया, मैं ही बोल लूँगा,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

बाजूला घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मला आजही सलतं, आणि सलत राहणार.

आम्ही परत डोंगर चढलो आणि पुन्हा लोखंड उठलं. मी रिकाम्या हाताने पायथ्याशी. काही ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. एक हात, अर्धा हात, चार बोटं. आणि ते थांबलं. एवढ्या वाऱ्यात, हवेत, ठोकल्यासारखं थांबलं. रघुवीरने सावकाश बघितलं, काहीतरी बोलला, आणि चारही पाय आपापल्या जागी उतरले. आत जाणारा एकेक बोल्ट मी खालून मोजत होतो.

झालेलं भांडण मिटवायला म्हणून मी खव्याची जिलेबी मागवून ठेवली होती. साहेब उतरलेच नाहीत. त्यांना त्याच दिवशी दुसऱ्या कामावर पोचायचं होतं. दोर सुटला, टॉवरभोवती एक फेरी झाली आणि हेलिकॉप्टर धरणाच्या पाण्यावरून निघालं.

वर रघुवीर टॉवरच्या टोकावर बसून त्यांना निरोप देत होता. दोन्ही हातांनी.

“अरे, एका हातानं धर,” मी खालून ओरडलो. त्याला कुठलं ऐकू जायला. हेलिकॉप्टर दिसेनासं झालं तरी तो दोन्ही हात हलवतच राहिला.