मी दारावर टांगलेलं लुगडं

घरचा माग सोडून मी खडेबाजारात रफूचं दुकान थाटलं, तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, "लोकं फाटकं घिऊन चारचौघांत येतील व्हय रं?" बापाचं ऐकायचं नाही, हा माझा तेव्हाचा धर्म होता. आम्ही शहापूरचे विणकर. तुटलेलं सूत बेमालूम जोडणं आमच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक. लुगड्याच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकाचे धागे काढायचे आणि तेच फाटल्या जागी विणायचे, म्हणजे रंगात फरक पडत नाही. काम मला उत्तम यायचं, गिऱ्हाईक मात्र फिरकत नव्हतं.

जाहिरात कशी करावी हे शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून मी बाजारालाच गुरू केलं. दुपारी दुकान बंद करून दुसऱ्यांच्या दारात उभा राहायचो. कासार बांगड्या भरताना बायकांना माहेरचं गाव विचारायचा. मीही विचारू लागलो, तर एकीनं मला चांगलंच फैलावर घेतलं. मराठीखाली कानडी घालून पाटी रंगवली. लोक ती वाचायचे आणि पुढे जायचे. शेवटी मन बसलं ते रस्त्याकडेच्या दात काढणाऱ्या वैदूवर. त्यानं उपटलेले दात काचेच्या बरणीत भरून समोर मांडले होते, आणि माणसं गालाला हात लावून पुढ्यात उभी असत. मला वाटलं, हेच ते. काम सांगायचं नाही, दाखवायचं.

दाखवण्यासारखं माझ्याकडे तेव्हा एकच होतं. गुंजीच्या एका शेतकरी घरची नवी सून, माहेरी जाता जाता, तिचं लग्नातलं रेशीमकाठी लुगडं देऊन गेली होती. बैलगाडीच्या खिळ्याला अडकून ते वीतभर फाटलं होतं. "आत्याबाईंनी सोता निवडल्यालं हाय. त्यास्नी कळलं तर मला माहेरीच धाडतील, अण्णा," असं ती सासूबद्दल रडवेल्या तोंडानं म्हणाली होती. तिनं अण्णा म्हटल्यावर मी विरघळलोच. त्या लुगड्यात मी जीव ओतला. तसं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

बाजाराच्या दिवशी तेच मी दारावर पसरून टांगलं. वर चिठ्ठी लावली: ‘हे लुगडे वीतभर फाटले होते. कुठे ते ओळखा.’ अशी गर्दी जमली म्हणता! लोक डोळे ताणून बघत होते, मी मिशीत हसत होतो. तेवढ्यात वडगावचा एक म्हातारा विणकर पुढे झाला. काठ बोटांत धरून म्हणाला, "ह्ये माझ्या हातचं. गेल्या लग्नसराईत गुंजीला दिल्यालं." आणि घराण्याचं नावही मोठ्यानं सांगून मोकळा झाला.

विणकराच्या पोटी जन्मून मी हे विसरलोच कसा? आमच्यात माणूस तोंडावरून ओळखतात, तसं लुगडं काठावरून. गर्दीतली एक बाई "अगं बाई, आमच्या शेजारचं की!" म्हणत स्टेशनकडे निघालीसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घाईनं लुगडं उतरवलं.

दुसऱ्या दिवशी लुगडं पंच्यात बांधून मी गुंजी गाठली. सोप्यावर सासूबाई बसल्या होत्या, समोर तीच शेजारीण, आणि आतल्या दाराशी मान खाली घालून माहेराहून परतलेली सून. मी म्हणालो, "मावशी, चूक माझी हाय. हिला काय बोलू नगा."

त्यांनी बोचकं माझ्या हातून घेतलं. लुगडं मांडीवर उलगडलं आणि काठापासून हळूहळू बोटं फिरवायला लागल्या. एका जागी अंगठा थांबला. बरोबर त्याच जागी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. अंगठा पुढे सरकला.

"कुठं फाटलंय? धड हाय की," त्या शेजारणीला म्हणाल्या. "घे, तू बी बघ."

शेजारणीनं उन्हात धरून उलटसुलट पाहिलं. तिला काही सापडलं नाही.

"खळ लावून कडक कराय मीच धाडलं हुतं," मावशी माझ्याकडे वळल्या. "आन् तू गिऱ्हाईक जमवाय खोटं लिवलास व्हय रं?"

माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम माझ्यासमोर होतं, आणि ते मी केलंच नाही असं मला म्हणायचं होतं. खोटारडा दुकानदार म्हणून गावभर नाव होणार, हेही कळत होतं. खरं सांगतो, फार जिवावर आलं. पण दाराशी उभ्या पोरीनं मला अण्णा म्हटलं होतं.

"व्हय मावशी," मी म्हणालो. "थाप मारली."

"पुन्यांदा मारू नगंस," त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाक दिली, "जा गं, त्येला गूळपाणी आण." ती माउली मला तेव्हा इतकी आवडली, की पाया पडूनच निघालो.

परत आल्यावर चिठ्ठी फाडली आणि दाराला जाड पडदा लावला. आठवडाभर कुणी आलं नाही. मागावर परत जायची मी मनाशी तयारीही केली. मग एका सकाळी पडदा हलला आणि गुंजीची तीच शेजारीण काखेत बोचकं घेऊन आत आली. मागे कुणी नाही ना, हे तिनं दोनदा पाहिलं.

"फाटलेलं न्हाय बरं का," ती म्हणाली. "नुसती खळ लावायची हाय. मावशींनी सांगितलं, तुमच्याकडंच द्यायची."

"लावतो की," मी म्हणालो. "कुठं कुठं लावायची, तेवढं दावा."