कोकिळा काय पिली?

आमच्या गावाची अक्कल मोजायची असेल तर २००६ सालची कोकिळाची गोष्ट पुरे. बाभुळगावपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. कोकिळा माझी शेजारीण, घरीच शिवणकाम करायची. हाताला वळण, जिभेला धार. ब्लाउज घट्ट झालं म्हणणाऱ्या बाईला तोंडावर सांगायची, "ब्लाउज बरोबर हाये, तू जाड झाली."

उन्हाळ्यापासून तिला जेवलं की तासाभरात पोटात कळ यायची. मग तिनं जेवणच कमी केलं. सासू शकुबाई म्हणाली, नखरे आहेत. नवरा पुंडलिकनंही तेच धरलं. आईनं ठरवलेल्या गोष्टीवर तो वेगळं डोकं चालवत नसे.

दिवाळीआधी एका सकाळी ती पोट धरून अंगणात पडली, हिरवं ओकली. त्या वर्षांत कपाशीपायी इतकी माणसं फवारणीचं औषध पिऊन गेली होती, की कोणी ओकलं की गावाचं निदान तयार. यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात शकुबाईनं आल्या आल्या सांगून टाकलं, "औषध पिली हो."

डॉक्टर तिच्याहून शहाणा. नाकातून नळी घालून पोट धुतलं, हात खाटेला बांधले, इंजेक्शनं टोचली. इंजेक्शनांनी ती बरळू लागली, तर म्हणे, बघा, विष चढलं.

"मी काहीच नाही पिली," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "जेवली का दुखते, तेच वाढलं."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर नव्या मॅडम आल्या. त्यांनी तिचा सुजलेला डावा पाय पाहिला आणि लेकरं किती म्हणून विचारलं. तीन, तिन्ही पोटातच गेली. मॅडमनी त्याच तासाला नागपूरला धाडलं. तिथं पोट उघडलं तर दोन हात आतडं काळं पडलेलं. कापून टाकावं लागलं.

तिथल्या डॉक्टरांनी पुंडलिकला समोर बसवून समजावलं. अंगाची राखण करणारी ताकदच रक्तावर उलटते, रक्ताच्या गाठी होतात. पायात झाल्या, आतड्याची नस त्यांनीच बंद केली, लेकरंही बहुधा त्यांच्यापायीच गेली. कुंपणच शेत खातं, तसं. आता जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. एक दिवस आधी आणली असती तर बरंचसं आतडं वाचलं असतं, असंही ते म्हणाले. पुंडलिकनं मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

ती घरी आली तेव्हा शकुबाईनं फवारणीच्या बाटल्या कुलपात घातल्या होत्या. मी तिच्या चुलीवर पेज करत होते. बाहेर पुंडलिक खाटेपाशी बसला आणि हळूच म्हणाला, "आता आई बी नाही घरात. खरं सांग, थोडंसं तरी पिलती ना?"

तिनं पदर तोंडावर ओढला. मला वाटलं, रडते आहे.

"डॉक्टरनं पोट फाडून पाह्यलं," ती म्हणाली. "आता तुमाले अजून काय फाडून दाखवू?"