अडकलेल्या पोथ्या

आमची मुक्ता भांडखोर आहे, हे मी आधीच सांगून टाकते. माझ्या भावाची मुलगी ती. लहानपणी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गच्चीवरून पोरांचे पतंग कापायची आणि वर ओरडून सांगायची, "हमने काटा है, क्या कर लोगे?" आता तिशी उलटली, तरी तोंड तेच.

इथे उत्तरेत, गावातल्या रामघाटावर आमचं पोथ्यांचं ऑफिस आहे. घरोघरच्या जुन्या पोथ्यांचे फोटो खाली काढायचे आणि तारेवाटे वरच्या मजल्यावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर साठवायचे. एखादं पान सुटलंय का, हे मी तपासते. शाळेतून रिटायर झाले, घरी बसून काय डोंबल करायचं? कॉम्प्युटर आणि तारा सगळ्या मुक्ताकडे. पण ती वर्षावर्षाच्या करारावर, आणि दर वर्षी माझा जीव टांगणीला.

यंदा दसऱ्याची सुट्टी संपली आणि फायली अडायला लागल्या. पोथीची फाईल निघायची, अर्ध्यावर पोचायची आणि तिथेच ठाण मांडायची. आमचे संचालक देवव्रतकाका वैतागले. "मुक्ता, आज संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर सिगरा भागातल्या कॉम्प्युटरवाल्या कंपनीला काम देतो. मग तुझा करार पुढे चालवणं मला जमायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं या पोरीने ऑफिस सांभाळलं आणि एका आठवड्यात कंपनी! मी बोलायला तोंड उघडलं, तर मुक्ताच म्हणाली, "आत्या, जरा गप्प बस. मला ऐकू दे."

"काय ऐकायचंय? फाईल काय गाते का?"

फोटो काढणारा कुणाल म्हणाला, "दीदी, नेटच स्लो आहे."

"नेटचा काय संबंध? फाईल दिल्लीला नाही चाललीय, जिना चढून वर चाललीय," मुक्ता म्हणाली.

तिने एक छोटी फाईल वर पाठवली. झटकन गेली. मोठी पाठवली, अडली. मग तीच मोठी फाईल कुणालच्या कॉम्प्युटरवरून शेजारच्या कॉम्प्युटरवर पाठवली, तर सुरळीत गेली. "म्हणजे खालची मशीनं ठीक आहेत. दुखणं वरच्या वाटेत आहे." वर जाणारी तार बदलली. काही फरक नाही. मग ती जिन्याखालच्या पेटीपाशी बसली. सगळ्या तारा त्या पेटीत येऊन मिळतात, तिला स्विच म्हणतात. प्रत्येक तारेपाशी एक बारका दिवा. बाकी सगळे हिरवे, वरच्या तारेचा तेवढा नारिंगी.

"रस्ता आहे, पण अरुंद झालाय," ती म्हणाली आणि तीच तार शेजारच्या रिकाम्या छिद्रात खोचली. दिवा हिरवा! कुणालने फाईल पाठवली, ती सरसर वर गेली. मी टाळीच वाजवली.

मुक्ता मात्र जुन्या छिद्रात टॉर्च मारून बघत होती. मीही वाकले. आत लाल. कुंकू!

इथल्या लोकांची मशीनपूजा विश्वकर्मा पूजेला होऊन जाते. आम्ही मराठी माणसं खंडेनवमीपर्यंत थांबतो आणि मग एकही यंत्र सोडत नाही. यंदा पूजा मुक्तानेच केली होती. वरची मोठी तार म्हणून तिला मान जास्त, ओल्या बोटाने चांगलं भरभरून कुंकू लावलं होतं, ते ओघळून आत गेलं.

मी हळूच म्हटलं, "चालू झालं ना? पुसून टाक आणि सांग, पेटी जुनी झालीय."

तिने माझ्याकडे असं बघितलं! "शाळेत पोरांना हेच शिकवायचीस का गं?"

आणि तडक वर गेली. मी मागोमाग. "काका, फायली जातायत. चूक माझी होती. पूजेचं कुंकू मी स्विचमध्ये घातलं."

देवव्रतकाका उठले. खाली आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, टॉर्च घेऊन छिद्रात बघितलं. झालं, गेली पोरीची नोकरी, असं मला वाटलं.

"कंपनीवाल्याने नवी पेटी विकली असती," ते म्हणाले, "आणि कुंकवाचं नावही काढलं नसतं." मग टॉर्च मुक्ताच्या हातात देत म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीलाही पूजा तूच करायची. फक्त कुंकू झाकणाला लाव."

पुढच्या खंडेनवमीला! मला रडूच आलं. मी पदराने डोळे पुसले आणि कुणालला उगाचच ओरडले.

घरी जाताना गल्लीतल्या पानवाल्याला मी थांबवलंच. "भैया, ये हमारी भतीजी है. ऑफिस का काम इसी ने बिगाडा था, और खुद जाके बोल भी आई!"

"आत्या, पुरे," मुक्ता म्हणाली.

पुरे कसलं? पुढे दूधवाला होता, त्यालाही सांगितलं.