माझ्या निरोपाची शाल

समस्त जनतेस कळवण्यास अत्यंत दुःख होते की, एका जगप्रसिद्ध फुटबॉलपटूने माझा निरोप समारंभ पळवला! कपाटातल्या शालीला मशीनच्या तेलाचा वास येतो, आणि आजही माझा जळफळाट होतो. नागापूरची कंपनी सोडताना मी ती शाल पांघरून, नारळ धरून उभा होतो. समोर सगळे खाली मान घालून डोळे पुसत होते. मी गहिवरलो. “रडू नका रे, येत जाईन मी!” तेव्हा आमच्या फिटरने मोबाईल वर धरला. “साहेब, त्यानं खेळ सोडला!” “अरे, आणि मी?” मी ओरडलो. फिटर नाक ओढत म्हणाला, “तुमी पलीकडच्याच कंपनीत चाललाय, रोज टपरीवर दिसनार. त्यो आता कुठं दिसनार?”